‘अफ्रेड’च्या पुढे ‘ऑफ’च का?

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरात एक प्रश्न हमखास असतो. विशेषण दिलेलं, पुढे गाळलेली जागा आणि खाली चार पर्याय: ऑफ, टू, विथ, फ्रॉम. कोल्हापुरातल्या क्लासमध्ये त्यावर तोडगा एकच, यादी पाठ करा. अफ्रेड ऑफ, मॅरीड टू, गुड ॲट, सीनियर टू. ‘का?’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर मिळतं की इंग्रजीत असंच असतं. हे उत्तर अर्धंच खरं आहे. या याद्यांमागे हजारेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग विभक्तीचा आहे. म्हणजे मराठी माणसाला तो परका वाटायचं कारण नाही.

साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत. कोणत्या विशेषणाबरोबर नाम कोणत्या विभक्तीत ठेवायचं, हेही बऱ्यापैकी ठरलेलं होतं. भरलेला या अर्थाच्या ‘फुल’ला षष्ठी चाले. लायक या अर्थाच्या ‘वर्थ’च्या पूर्वजालाही षष्ठीच. ‘लाइक’ आणि ‘निअर’ यांच्या पूर्वजांना आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती. पुढे शब्दाच्या शेवटचे आघात नसलेले स्वर बोलण्यात झिजत गेले. उत्तर इंग्लंडात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी रोजची देवघेव होती, तिथे ही झीज आधी दिसते. १०६६ नंतर नॉर्मन राजवट आली, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजीला जुन्या वळणात धरून ठेवणारं लिखाण मागे पडलं. दोन-तीन शतकांत प्रत्यय जवळजवळ गेले. त्यांचं काम मात्र उरलंच. षष्ठीचं बरंचसं काम ‘ऑफ’ने उचललं, चतुर्थीचं ‘टू’ने. म्हणून फुल ऑफ, वर्दी ऑफ.

या ‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘पासून, दूर’ असा होता. पंखा बंद करताना आपण म्हणतो तो ‘ऑफ’ आणि हा ‘ऑफ’ मुळात एकच शब्द. इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं पुढे वेगळी झाली. फ्रेंचमधला ‘द’ हाही ‘पासून’ आणि ‘चा’ अशी दोन्ही कामं करायचा. त्यामुळे जेलस, सर्टन अशी विशेषणं फ्रेंचमधून आली, ती ‘ऑफ’शी सहज जुळली.

काही विशेषणांनी जुनी सवय सोडली नाही. ‘वर्थ’ आणि ‘लाइक’ यांच्यापुढे आजही थेट नाम येतं, ‘निअर’च्या पुढेही बहुतेकदा. प्रत्यय गेला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. ‘लाइक टू हिज फादर’ लिहिणाऱ्या मुलाचा मार्क जातो, तो या रिकाम्या राहिलेल्या जागेमुळे. क्लासमध्ये याला ‘अपवाद’ म्हणतात. खरं तर उरलेल्या यादीपेक्षा हेच जुनं आहे.

मराठीतही असंच घडलं, फक्त दिशा उलटी. संस्कृतचे विभक्तिप्रत्यय प्राकृतात झिजले, मग नामाचं सामान्यरूप झालं आणि त्याला मागून नवे प्रत्यय व शब्दयोगी अव्ययं चिकटली. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. तेव्हापासून विभक्तीवरचा वाद काही मिटलेला नाही. पण विशेषणाला आपली विभक्ती लागते, हे शाळेत न गेलेला माणूसही बिनचूक पाळतो. कौतुकास पात्र. पैशाचा लोभी. ‘त्यो गणितात लई हुशार हाय.’ या शेवटच्या वाक्यातला ‘त’ इंग्रजीत नेला की ‘गुड इन मॅथ्स’ होतं. ‘माझ्यावर चिडलाय’चं ‘अँग्री ऑन मी’ होतं. ‘तिच्याशी लग्न’ झालं की ‘मॅरीड विथ हर’. मुलं इथे अंदाज मारत नाहीत. ती विभक्ती लावतात, फक्त आपली.

‘मॅरीड विथ’ला तर मोठा वशिला आहे. शेक्सपिअरचा हॅम्लेट आईबद्दल बोलताना हेच शब्द वापरतो, काकाशी लग्न केलं म्हणून. त्या काळात दोन्ही रूपं चालत होती. नंतर ‘टू’ टिकलं. पेपरात हॅम्लेटचाही मार्क गेला असता.

कोणतं रूप बरोबर, हा हट्ट मुख्यतः अठराव्या शतकातला. लॅटिन शिकलेल्या पंडितांनी इंग्रजीला लॅटिनच्या मापात बसवायला घेतलं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात ‘अव्हर्स’ (एखाद्या गोष्टीची नावड असलेला) या शब्दापुढे ‘फ्रॉम’ योग्य ठरवला आणि ‘टू’ फार वापरात असला तरी अयोग्य, असा शेरा मारला. कारण लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘पासून तोंड फिरवलेला’. आज सगळे ‘अव्हर्स टू’ लिहितात. ‘डिफरंट’चं भांडण अजून चालू आहे. ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ‘टू’ सोळाव्या शतकापासून आहे आणि ब्रिटनमध्ये आजही ऐकू येतं, ‘दॅन’ सतराव्या शतकापासून आहे आणि अमेरिकेत रुळलं आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही लॅटिनमधली तुलनेची रूपं. इंग्रजीने ती तयार उचलली, त्यांच्यापुढे ‘टू’ लावला आणि ‘दॅन’ आपल्या घरच्या तुलनेपुरता ठेवला. ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणणाऱ्याला ‘सीनियर दॅन’ सुचणारच.

कोल्हापुरात ही इंग्रजी आली ती संस्थानाच्या शाळांतून आणि राजाराम कॉलेजातून. १८८० मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही काही काळ धडे घेतले. शिकवण्याची रीत भाषांतराची होती. तर्खडकरांच्या पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या: मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. या रीतीत विशेषणामागची विभक्ती समोरासमोर दिसायची, हा तिचा गुण मला आजही मोठा वाटतो. मग रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. त्यातला रेन स्वतः मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेला. त्या पुस्तकात ‘कोणत्या शब्दापुढे काय’ याच्या सरळ याद्याच आहेत, आणि क्लासच्या झेरॉक्सवर आज फिरतात त्या याद्याही त्याच वळणाच्या.

अशा याद्यांची गरज इंग्रजांना स्वतःला कधी पडली नाही. पडली ती परक्यांना शिकवणाऱ्यांना. इंग्रजीचा शिक्षक हॉर्नबी याचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, तो जपानी मुलांना शिकवण्याच्या अनुभवातून. पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक नंतर हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं कामच इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्याचं होतं.

१९८७ चा कोबिल्ड कोश बर्मिंगहॅममध्ये संगणकावर साठवलेल्या लाखो शब्दांच्या खऱ्या लिखाणावरून तयार झाला. काय लिहावं हे सांगण्याऐवजी लोक काय लिहितात ते मोजणं सुरू झालं. त्या मोजणीचा चटका याद्यांनाही बसतो. ‘बोअर्ड’पुढे ‘विथ’ किंवा ‘बाय’ अशी जुनी शिकवण. पण गेल्या काही दशकांत ‘बोअर्ड ऑफ’ खूप वाढलं आहे. बहुधा ‘टायर्ड ऑफ’च्या ओढीने ते आलं असावं. कोशांनी त्याची नोंद घेतली आहे, सोबत ‘औपचारिक लिखाणात टाळा’ असा शेरा मारून. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र अजून ‘विथ’लाच मार्क आहे, आणि तूर्तास तोच लिहिलेला बरा.