गॅम्बोनिनी पारा-खाण : सहा वर्षं खणली, तीस वर्षं वाहत राहिली

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत गुरांच्या कुरणांचे गवताळ डोंगर आहेत. तिथल्या एका ओहोळाच्या माथ्याशी गॅम्बोनिनी नावाची पाऱ्याची उघडी खाण 1964 ते 1970 अशी जेमतेम सहा वर्षं चालली. न्यू अल्मादेन किंवा न्यू इड्रियासारख्या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या खाणींपुढे ती किरकोळच. पण बंद पडलेल्या खाणीतला पारा खाली कसा उतरतो हे समजून घ्यायचं असेल, तर आधी या खाणीकडे पाहावं. इथे तो भर पावसात मोजला गेला आहे.

सुरुवात खडकापासून करायला हवी. इथला पाया फ्रान्सिस्कन नावाच्या खडकसमूहाचा आहे. समुद्राचा तळ खंडाखाली सरकताना खरवडून निघालेला गाळ, लाव्हा आणि सर्पेंटिनाइट यांचा तो चेंदामेंदा. सर्पेंटिनाइट हा हिरवट, हाताला गुळगुळीत लागणारा खडक. पुढे ते सरकणं थांबलं आणि सॅन अँड्रियास भ्रंश उत्तरेकडे वाढत गेला. खाली सरकलेल्या पट्ट्याची जागा रिकामी झाली, तिथे खोलातली उष्णता वर आली. कार्बन डायऑक्साइडने भरलेलं गरम पाणी भेगांतून चढलं आणि त्याने सर्पेंटिनाइटचं क्वार्ट्झ आणि कार्बोनेट करून टाकलं. हा नवा खडक टणक असतो, त्यावर गंजाचे तांबूस डाग असतात, आणि आजूबाजूची मऊ माती झिजली की तो गवतातून बरगडीसारखा वर डोकावतो. पारा शोधणारे आधी हीच बरगडी हेरत. टणक खडक तडकतो, आणि त्या तडांमध्ये हिंगूळ बसतो.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. वजनात 86 टक्के पारा, पाण्याच्या आठपट जड, आणि जेमतेम नखाइतकाच कठीण. खरबरीत चिनी मातीवर घासला की लालभडक रेघ उमटते. ठेचलेला दगड ताटलीत पाण्याबरोबर हलवला तर हलका भुगा वाहून जातो आणि कडेला लाल शेपूट उरतं. पारा सहज वाफ होणारा असल्यामुळे तो जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येऊन थिजतो, तोही सलग शिरेत नाही, तर पुंजक्यापुंजक्यांनी. म्हणून या डोंगरांत लहान खाणी पुष्कळ आणि त्यांचं आयुष्य थोडं. पुंजका संपला की खाण संपली.

पारा काढायची रीत जगभर सारखीच. आपल्याकडच्या रसशास्त्रात हिंगूळ लिंबाच्या रसात खलून डमरूयंत्रात घालतात. तोंडाला तोंड लावून एकावर एक ठेवलेली दोन मडकी, सांधा कापडमातीने बंद, खाली जाळ आणि वरच्या मडक्यावर ओलं फडकं. पारा वरच्या मडक्याच्या आत काजळीसारखा धरतो. कारखान्याची भट्टी हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. ठेचलेला दगड 600 ते 700 अंश सेल्सिअसवर भाजतात, गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन जातं, आणि पाऱ्याची वाफ थंड नळ्यांत उतरते. नळ्यांच्या तळाशी चकचकीत पारा मिळेल असं वाटतं, पण बरंचसं हाती लागतं ते धूळ, पाणी, धुराची काजळी आणि पाऱ्याचे बारीक मणी यांचा राखाडी चिखल. मण्यांवर मळाचा थर असल्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. मग त्यात कोरडा चुना घालून उतरत्या लोखंडी मेजावर फावड्याने घोळतात. मळ सुटतो, मणी जुळतात, पारा पन्हळीत उतरतो. शेवटी तो लोखंडी बाटल्यात भरतात. बाटला एकच मापाचा : 76 पौंड, म्हणजे साडेचौतीस किलो, आणि आकारमान अडीच लिटरच्या आसपास. दगडात टनाला 3 किलो पारा असेल, तर एका बाटल्याला साडेअकरा टन दगड लागतो, तोही वाया काहीच गेलं नाही तर.

आणि वाया जातंच. भट्टीत हवेची ओढ जास्त झाली की धूळ नळ्यांत जाते. नळ्या पुरेशा गार नसल्या की वाफ धुराड्यातून निघून जाते. ढेकूळ मोठं राहिलं किंवा माल घाईने पुढे ढकलला की दगडाचा गाभा कच्चा राहतो. उरलेल्या चोथ्यात पारा राहतो, आणि तो जितका बारीक कणांवर तितका जास्त. पुढे नडते ती हीच गोष्ट.

खाण 1964 मध्येच का सुरू झाली, याचं उत्तर भावात आहे. 1965 साली बाटल्याचा सरासरी भाव सुमारे 570 डॉलरवर गेला होता. त्या भावात कमी पाऱ्याचा दगडही परवडत होता. 1970 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतल्या माशांत पारा सापडला, मासेमारीवर बंदी आली, कारखान्यांनी पारा वापरणं कमी केलं. 1972 पर्यंत भाव सव्वादोनशेच्या आसपास घसरला. गॅम्बोनिनी त्याआधीच थांबली होती. उघड्या खाणींनी जमीन पूर्ववत करावी असं सांगणारा कॅलिफोर्नियाचा कायदा आला 1975 मध्ये. त्याआधी बंद पडलेल्या खाणींना तो लागू नव्हता.

मागे राहिला तो घळीत लोटलेला टाकाऊ माल : सुमारे 11 एकरांवर पसरलेला, जवळजवळ 3 लाख घनयार्डांचा उघडा ढीग. त्याच्या खाली एक बांध होता. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. 1982 च्या पावसात तो बांध फुटला आणि ढिगाला पायथाच उरला नाही. तिथून पाणी सॅमन क्रीकमध्ये, मग वॉकर क्रीकमध्ये, आणि शेवटी टोमालेस खाडीत जातं.

हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? नमुने कोरड्या दिवशी घेतले जात. ओढ्याचं पाणी निवळ असताना त्यात पारा नगण्यच सापडतो, कारण हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो गढूळपणाबरोबर जातो. 1998 च्या एल निनोच्या हिवाळ्यात संशोधकांनी वादळं चालू असताना, पाणी चढताना आणि उतरताना नमुने घेतले, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी या दोनच महिन्यांत 82 किलो पारा खाली गेल्याचं दिसलं. आकारमानाने हा पारा सहा लिटर, म्हणजे बाटल्याच्या मापाने अडीचसुद्धा नाही. पण हा पारा कणाकणाला चिकटून खाडीच्या चिखलात पसरतो, आणि तिथे प्राणवायू नसलेल्या थरातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो माशांत साठत जातो. मोठ्या, दीर्घायुषी माशांत सर्वांत जास्त.

1999-2000 मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने आणि प्रादेशिक जलमंडळाने ढीग जागच्या जागी स्थिर केला. उचलून दुसरीकडे नेणं सुचतं सगळ्यांना, पण लाखो घनयार्ड माल हलवताना जे बारीक कण सुटतील तेच तर अडवायचे आहेत. अशा उतारावर कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी वरच्या डोंगराचं पाणी ढिगावर न येता बाजूने जाईल असे पक्के चर काढायचे, मग उतार कमी करून पायऱ्या घालायच्या, आणि लागवड सर्वांत शेवटी. उलट केलं तर पहिल्याच मोठ्या पावसात रोपंही जातात आणि माल त्यांच्याबरोबर. भाजलेल्या चोथ्यात सेंद्रिय काही नसतं, त्यामुळे नुसतं बी फेकून गवत धरत नाही. माती सुधारूनच स्थानिक गवतं आणि झुडपं लावावी लागतात.

ढीग थांबला, तरी तीस वर्षांत आधीच उतरलेला गाळ वॉकर क्रीकच्या काठांत थरांनी बसलेला आहे. 2007 मध्ये जलमंडळाने या ओढ्यासाठी पाऱ्याची मर्यादा ठरवली. आता लक्ष काठांच्या धुपीवर आहे : गुरं थेट पात्रात उतरून काठ मोडणार नाहीत अशी कुंपणं, आणि उघड्या पडलेल्या जागी झाडी. मोठ्या पुराच्या हिवाळ्यात काठ ढासळला, की जुना थर पुन्हा खाडीकडे निघतो.