मिशनची सेवा आणि विकासाची मदत: नागपूरकरांनी वेगळ्या ठेवायच्या दोन गोष्टी

नागपुरात परदेशी मदतीचा विषय निघाला की हिस्लॉप कॉलेज, मूर मेमोरियल हॉस्पिटल, रेशनवरची लाल मिलो (अमेरिकेतून आलेली ज्वारी) आणि हल्लीची मेट्रो एकाच माळेत ओवली जातात. कुणी म्हणतं, गोऱ्यांनी शाळा-दवाखाने दिले म्हणून आपण पुढे आलो. कुणी म्हणतं, सगळा त्यांचा डावच होता. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. मिशनने पारतंत्र्याच्या काळात केलेली सेवा वेगळी आणि १९४७ नंतर एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली मदत वेगळी. पैसा कुणाचा, मागितला कुणी आणि नको म्हणायची सोय कुणाला होती, एवढं विचारलं तरी हा फरक कळतो.

आधी मिशन. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा गादीवर भोसले होते. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, इथे होता आणि कामठीला छावणीही होती, पण राज्य खालसा झालं ते १८५४ साली. हिस्लॉपनी शाळा काढली, गोंडांच्या भाषेची आणि चालीरीतींची टिपणं केली, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १८८३ साली, त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. या कामाचा पैसा मुख्यतः स्कॉटलंडमधल्या चर्चच्या वर्गणीतून येई आणि हिशोबही तिकडेच जाई. नागपूरच्या माणसाला त्यात मत नव्हतं. काय शिकवायचं, कुठे शाळा काढायची, हे ठरवणारे दुसरे होते आणि धर्मप्रसार हा उघड हेतू होता. तो त्यांनी लपवलाही नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. ही माणसं इथे राहायला आली होती. भाषा शिकली, उन्हाळे काढले, इथेच गेली. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं उत्खनन पाहायला गेले होते. परतताना वाटेतल्या एका शाळेची तपासणी करायला मागे थांबले, आणि अंधारात पूर आलेला नाला घोड्यावरून ओलांडताना बुडाले. पुढे १८९६ च्या सुमारास बायकांसाठी मूर मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. ज्या घरांतून बाईला पुरुष डॉक्टरपुढे नेत नसत, त्या घरांसाठी तिथली डॉक्टरीणबाई हाच एक मार्ग होता. दोन वर्षांच्या करारावर येऊन अहवाल लिहून परत जाणारे पुढच्या काळातले तज्ज्ञ पाहिले की हा मुक्काम मला फार मोलाचा वाटतो.

मिशनच्या शेजारीच सरकारी दुष्काळी काम उभं होतं आणि घोळ सगळ्यात जास्त तिथे होतो. खडी फोडण्याची, तळी खोदण्याची ती कामं म्हणजे इंग्लंडने पाठवलेलं दान, अशी समजूत अजून भेटते. तो खर्च प्रामुख्याने हिंदुस्थानच्याच तिजोरीतून व्हायचा, म्हणजे रयतेच्या शेतसाऱ्यातून. वसाहतींच्या विकासासाठी ब्रिटनने १९२९ आणि १९४० साली कायदे केले, त्यांतही भारत नव्हता.

टाकळघाटला त्या दिवशी हिस्लॉप ज्यांच्याबरोबर होते ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल. हिस्लॉपची टिपणं त्यांनीच १८६६ साली संपादून छापली. याच टेम्पलनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि भूकबळी फार होऊ दिले नाहीत. त्यावर उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मग १८७७ साली मद्रास इलाख्यात त्यांनीच दुष्काळी कामावरच्या मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी फोडून. त्या मजुराच्या वतीने वरच्यांना जाब विचारणारं कुणी नव्हतं. माणूस तोच होता, जाब मात्र फक्त खर्चाचा विचारला गेला.

आता अमेरिकेचं धान्य दोन काळांत कसं आलं ते पाहा. फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. १८९९ चा पाऊस गेला. १९०० साली अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी काढून मका जमवला आणि तो ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मुंबईला आला. वाटप मिशनऱ्यांच्या हातून झालं. देणारा परका, वाटणारा परका, आणि घेणाऱ्याच्या नावाने सही करायला देशाचं स्वतःचं सरकारच नव्हतं. दान मात्र खरं होतं. त्याची परतफेड कुणी मागितली नाही.

१९५६ पासून अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली गहू आणि मिलो येऊ लागली. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘अमेरिकेने फुकट दिलेली मिलो’ असतं. त्यातला मोठा भाग फुकट नव्हता. भारत सरकार ते धान्य रुपयांत विकत घेत होतं आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साचत होते. इतके साचले की १९७४ साली अमेरिकेने त्यातले १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत केले. वाटपही आपल्याच रेशन दुकानांतून झालं.

मग या दुसऱ्या प्रकारात बळजोरी नव्हती का? होती. १९६५ पासून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सननी धान्याची दोरी आखडती घेतली. १९६६ साली भारताने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेचं, आणि जहाजं केव्हा व किती सुटायची हे जॉन्सन स्वतः थोडं थोडं करून ठरवत. शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामवर बोलू नका, असा तो दाब होता. तरीही इथे एक गोष्ट नवी होती. शास्त्रीजी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगू शकत होते आणि लोक ते ऐकत होते. संसदेत प्रश्न विचारता येत होते. स्वतःचं धान्य पिकवायचं हा निर्धार त्या दोन-तीन वर्षांत पक्का झाला, त्यात या अपमानाचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. १८७७ च्या मजुराला यातलं काहीच उपलब्ध नव्हतं.

या दोन्हींत न बसणारी एक गोष्ट नागपूरने विसरू नये. १९३८ साली, आपण स्वतः पारतंत्र्यात असताना, काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. चिनी सेनापती जू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती आणि पैसा लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला. सोलापूरचे डॉ. कोटणीस सर्वांना माहीत आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांचं नाव आपल्याच शहरात कानावर येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वरोऱ्याच्या आनंदवनातही नात्याची मांडणी उलटी झाली. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संघटनेचे देशोदेशीचे तरुण तिथे आले आणि कुष्ठमुक्त माणसांबरोबर बांधकामावर राबले. काय बांधायचं ते बाबा आमटे आणि तिथली माणसं ठरवत होती. बाहेरचे हात कामाला आले, मालकी इथली राहिली. पुढे १९७६ साली परदेशी देणग्यांवर नियंत्रणाचा कायदा झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर गडचिरोलीतल्या संस्थेलाही असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावा लागतो.

आणि मेट्रो? तिच्यासाठी २०१६ साली जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीने १३ कोटी युरो देण्याचे करार केले. दोन्ही विकास संस्था आहेत, म्हणून बातम्यांत ‘जर्मनीची मदत’ असं सर्रास छापून आलं. ही रक्कम कर्जाऊ आहे. अटी वाटाघाटीने ठरल्या, मागणी आपली होती, आणि व्याजासकट परतफेडही आपणच करणार आहोत.