के दीहुआ

के दीहुआ हे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) यांचे चिनी नाव. सोलापूरचे हे डॉक्टर चीनमध्ये आजही याच नावाने ओळखले जातात.

चीन-जपान युद्धाच्या काळात, १९३८ मध्ये, राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण. पथक चुंगकिंगला असताना शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी प्रत्येकाला चिनी नाव दिले. पाचही नावांचा शेवट त्यांनी 'हुआ' या अक्षराने केला. हुआ म्हणजे चीन. 'चुंगहुआ' या देशनामातले तेच अक्षर. त्याचा जुना अर्थ फूल, बहर, वैभव असा आहे. आडनावे निरनिराळी असली तरी या एका अक्षराने पाचही जण एका घरचे झाले. या नामकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

चिनी रीतीने आडनाव आधी येते. 'के' हे चीनमधले खरेखुरे आडनाव असून त्याचा अर्थ झाडाची फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा. 'के' आणि 'दी' या अक्षरांत 'कोटणीस'मधल्या 'कोट'चा ध्वनी पकडला आहे. जुन्या रोमन लिपीकरणात ते 'को ती' असे लिहीत, त्यामुळे साम्य चटकन लक्षात येते. 'दी' हे एका फुलझाडाचे नाव. प्राचीन 'शि-चिंग' या काव्यसंग्रहातल्या एका कवितेत या झाडाची फुले भावाभावांच्या प्रेमाचे प्रतीक म्हणून येतात. पुढे हे अक्षर धाकट्या भावासाठीही वापरले जाऊ लागले. दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला झाडाचे चिन्ह आहे. ध्वनी जुळवणाऱ्या इतर कितीतरी अक्षरांपेक्षा ही निवड अर्थाने श्रीमंत आहे, यात शंका नाही. अटल यांचे नाव 'आय देहुआ' झाले. चिनीत 'एडवर्ड' हे नावही याच अक्षरांनी लिहितात.

१९४१ मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. हे नाव सेनापती न्ये रुंगचेन यांनी सुचवले होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. त्यांची समाधी हपै प्रांतातील शिच्याच्वांग शहरात असून तेथील एका वैद्यकीय विद्यालयालाही 'के दीहुआ' हेच नाव आहे.