जे. जे. जॉन्सन : दोनदा मंचापासून दूर गेलेला ट्रॉम्बोनवादक

ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याला सॅक्सोफोनसारख्या कळा नाहीत, ट्रम्पेटसारख्या दाबायच्या खुंट्या नाहीत. एकीत एक सरकणाऱ्या नळ्या, आणि त्या नळीच्या वाटेवर हाताने व कानाने शोधायच्या सात जागा. त्यामुळे आपल्या मींडेसारखा घसरत जाणारा सूर या वाद्यावर आपसूक निघतो. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या बँडांमध्ये किड ओरीसारखे वादक ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या खाली असेच लांब घसरे भरत. पण १९४० च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही जाझची वेगवान शैली आणली. त्या वेगात नळी सरकवत सूर गाठायचे कसे, हा ट्रॉम्बोनवाल्यांपुढचा खरा पेच होता.

तो सोडवणारे म्हणून जे. जे. जॉन्सन यांचं नाव घेतलं जातं. जन्म २२ जानेवारी १९२४, इंडियानापोलिस. आधी पियानो, मग चौदाव्या वर्षी ट्रॉम्बोन. बेनी कार्टर आणि काउंट बेसी यांच्या मोठ्या बँडांमध्ये तयार होऊन १९४६ पर्यंत ते न्यूयॉर्कच्या बीबॉपवाल्यांत सामील झाले. डिसेंबर १९४७ मध्ये तर खुद्द पार्करच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा ट्रॉम्बोन आहे.

त्यांनी केलं काय, तर नळीचा प्रवास कमी केला. ट्रॉम्बोनवर एकच सूर पहिल्या जागेवर मिळतो तसा ओठांचा ताण बदलून सहाव्या जागेवरही मिळू शकतो. पुढचा सूर जवळ पडेल अशी जागा निवडायची आणि प्रत्येक सुराला जिभेचा हलका, नेमका स्पर्श द्यायचा. कंप आणि घसरे त्यांनी जवळजवळ टाकून दिले. वादन इतकं स्वच्छ झालं की रेकॉर्ड ऐकणाऱ्या अनेकांना हा खुंट्यांचा ट्रॉम्बोन वाटायचा. या स्वच्छतेला काहींनी कोरडेपणा म्हटलं. मला ते पटत नाही. त्यांची स्वतःची 'लॅमेंट' ही रचना ऐकावी, संयमातही किती ओलावा असतो ते कळतं.

एवढी कीर्ती असून १९५२ मध्ये हा माणूस लाँग आयलंडवरच्या स्पेरी कंपनीच्या कारखान्यात ब्लूप्रिंट तपासायच्या नोकरीला लागला. जाझवर घर चालत नव्हतं. त्यात न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागे, आणि त्या कार्डासाठी जॉन्सन यांना १९५९ मध्ये न्यायालयात जावं लागलं. कारखान्याच्या याच काळात त्यांनी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबत ध्वनिमुद्रणं केली आणि जून १९५३ मध्ये दुसरा ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनला घेऊन स्वतःचंही. म्हणजे वादन सुटलं नव्हतं, सुटली होती ती वादनावरची उपजीविका.

१९५४ मध्ये डेन्मार्कात जन्मलेल्या ट्रॉम्बोनवादक काय विंडिंग यांच्यासोबत दोन ट्रॉम्बोनचा संच निघाला आणि लोकांना तो भलताच आवडला. त्या यशाने जॉन्सन पुन्हा पूर्णवेळ संगीतात आले. दोन वर्षांनी जोडी फुटली, कारण जॉन्सन यांना संगीत लिहायचं होतं. त्यांची पितळी वाद्यांसाठीची 'पोएम फॉर ब्रास' ही रचना ऐकून गिलेस्पी यांनी अख्ख्या रेकॉर्डभर संगीत मागितलं. त्यातून १९६१ ची सहा भागांची 'पर्सेप्शन्स' झाली.

दुसरा वनवास मात्र संगीतलेखनापायी. १९७० मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि चित्रपट व टीव्हीसाठी संगीत लिहू लागले. 'क्लिओपात्रा जोन्स' (१९७३) त्यांचंच. लोकांसमोर वाजवणं अगदी क्वचित. जाझच्या चाहत्यांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण वाद्यवृंदासाठी लिहिणं ही त्यांची जुनी ओढ होती आणि स्टुडिओत तिला पगार मिळत होता.

१९८७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबात पुन्हा उभे राहिले. पुढच्याच वर्षी पत्नी व्हिव्हियन यांना पक्षाघात झाला. १९९१ मध्ये त्या गेल्या तोवर जॉन्सन यांनी कामं बाजूला ठेवून त्यांची शुश्रूषा केली. १९९२ चा पत्नीच्याच नावाचा 'व्हिव्हियन' हा अल्बम संथ गीतांचा आहे.

१९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचा 'जाझ मास्टर' हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी पितळी वाद्यांचा मोठा ताफा घेऊन केलेल्या अल्बममध्ये त्यांनी 'पर्सेप्शन्स'मधले भाग ३५ वर्षांनी पुन्हा मुद्रित केले, आणि या वेळी मंडळींत ट्रॉम्बोन घेऊन स्वतः बसले.