खपली गहू सिलिअ‍ॅकला चालत नाही

‘खपलीत ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) नसतं, सिलिअ‍ॅक हा आजार असला तरी बिनधास्त खा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे, धोक्याचाही. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आणि त्यात ग्लुटेन असतंच. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. पोट दुखलं नाही तरी आतली इजा चालूच राहू शकते. म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ यावर कृपा करून विसंबू नका.

रवा, मैदा, दलिया, गव्हाच्या शेवया वर्ज्यच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, पण खरी मेख गिरणीत आहे. गव्हामागोमाग ज्वारी टाकली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला भारतात किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. किलोभर भाकरीच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी ती कितीतरी पटींनी ओलांडली जाते. जमत असेल तर घरी वेगळी चक्की घ्याच.

हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा. बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि निर्धोक वाटणाऱ्या वरणात तो फोडणीतून जातो.