काउंटी परिवहन विक्रीकर (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात रस्ते, बस व रेल्वे यांच्या कामांसाठी मतदारांच्या संमतीने काउंटीपुरता (जिल्ह्यासारख्या विभागापुरता) बसवला जाणारा विक्रीकर. दर बहुधा अर्धा टक्का, म्हणून व्यवहारात तो ‘हाफ-सेंट’ कर. शंभर डॉलरची सायकल घेतली की किमतीव्यतिरिक्त पन्नास सेंट या खात्यात जातात. घरी रांधायच्या शिध्यावर मात्र राज्याचा विक्रीकरच नसल्याने हाही लागत नाही. असा कर स्वीकारलेल्या काउंटींना ‘सेल्फ-हेल्प काउंटी’ म्हणतात. जकातीशी याची गल्लत करू नये. जकात माल हद्दीत शिरताना घेतली जाई. हा कर किरकोळ विक्रीवर आहे.

त्याचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. बार्ट या सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रेल्वेचे अडलेले काम पुरे करण्यासाठी १९६९ मध्ये विधिमंडळाने तीन काउंटींत अर्धा टक्का कर मंजूर केला. पण तो मतदारांनी बसवलेला नव्हता, म्हणून त्याला पूर्वरूप म्हणणे अधिक योग्य. सांता क्लारा काउंटीने १९७६ मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी कर स्वीकारला. त्याच काउंटीच्या १९८४ च्या ‘मेझर ए’मध्ये (‘मेझर’ किंवा ‘प्रॉपोझिशन’ म्हणजे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) ८५, १०१ व २३७ या महामार्गांची कामे आणि कराची मुदत दोन्ही आधीच ठरलेली होती. पुढे इतर काउंटींत पसरला तो हाच साचा. त्यामुळे १९८४ हे वर्ष धरणे सयुक्तिक वाटते.

खरा वाद बहुमताचा. १९७८ च्या ‘प्रॉपोझिशन १३’ने मालमत्ता कराला मर्यादा घातली आणि विशेष करासाठी, म्हणजे ठरावीक कामालाच वापरायच्या करासाठी, दोन-तृतीयांश मतांची अट आणली. लॉस एंजेलिस काउंटीच्या १९८० च्या ‘प्रॉपोझिशन ए’ला सुमारे ५४ टक्केच मते होती, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये (रिचमंड खटला) तो कर वैध ठरवला : मालमत्ता कर बसवण्याचा अधिकारच नसलेल्या काउंटी परिवहन आयोगाला ही अट लागू नाही, असा तो निर्णय. सांता क्लाराच्या १९९२ च्या करालाही जवळपास तितकीच मते पडली होती. तो मात्र १९९५ मध्ये (ग्वार्डिनो खटला) रद्द झाला. रिचमंडचा निर्णय त्यात उलटवलेला नाही. स्थानिक विशेष करांना दोन-तृतीयांश मते लागतील असे सांगणाऱ्या १९८६ च्या ‘प्रॉपोझिशन ६२’ या वेगळ्या कायद्याचा आधार घेतला गेला, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. त्यावर काउंटीने १९९६ मध्ये दोन प्रश्न वेगवेगळे विचारले : एक सर्वसाधारण (कोणत्याही कामाला वापरता येणाऱ्या) करासाठी, दुसरा कामांच्या यादीसाठी केवळ सल्ल्यादाखल. साध्या बहुमतावरचा तो कर न्यायालयात टिकला.

दोन-तृतीयांशाची अट किती कडक, हे लॉस एंजेलिसमध्ये दिसले. २००८ चा ‘मेझर आर’ सुमारे ६८ टक्क्यांनी तरला. त्याची मुदत वाढवणारा २०१२ चा ‘मेझर जे’ ६६.१ टक्के मते मिळवूनही पडला. २०१६ चा ‘मेझर एम’ ७१ टक्क्यांवर गेला. जनतेच्या सहीमोहिमेतून आलेल्या करांना ही अट लागू होते का, हा प्रश्न २०१७ च्या अपलँड शहराविरुद्धच्या खटल्यातील निकालानंतर पुन्हा न्यायालयांपुढे आला.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर विक्रीकराचा भार प्रमाणाने अधिक पडतो, हा त्यावरील मुख्य आणि रास्त आक्षेप. मात्र ‘प्रॉपोझिशन ए’च्या पैशातून लॉस एंजेलिसमध्ये १९८२ पासून तीन वर्षे बसभाडे पन्नास सेंटवर आणले होते, हेही लक्षात घ्यावे.