बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, मग अर्ज कसला करायचा?

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत राहता येतं. एवढं वाचलं की माणूस लगेच तिकिटं बघायला बसतो आणि स्वस्तातलं स्वस्त तिकीट काढून मोकळा होतो. घोळ तिथेच होतो. मुंबईहून ब्रिजटाऊनला, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीला, थेट विमान नाही. वाटेत लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरंटो असं कुठेतरी विमान बदलावंच लागतं, आणि तिथे आपला पासपोर्ट चालतो तो व्हिसा असेल तरच. म्हणून या सहलीचा खरा अर्ज बार्बाडोससाठी करायचा नसतो, वाटेतल्या देशासाठी करायचा असतो. आधी मार्ग ठरवा, मग त्या मार्गाचा व्हिसा, आणि सगळ्यात शेवटी तिकीट.

कधी जायचं

तारखा आधी, कारण अर्जाचं वेळापत्रक त्यांच्यावरून मागे मोजत आणायचं असतं. बार्बाडोसमधल्या बऱ्याच हॉटेलांचा महागडा हंगाम १५ डिसेंबर ते १५ एप्रिल. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. या दोहोंच्या फटीत जे उरतं त्याला शोल्डर सीझन म्हणतात: १५ एप्रिल ते मेअखेर, आणि दुसरा तुकडा १ डिसेंबरपासून १५ डिसेंबरपर्यंत.

मला पहिला तुकडा जास्त पटतो. कोरडे दिवस अजून संपलेले नसतात, वारा असतो, दर उतरलेले असतात आणि आपल्याकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. दिवाळीची सुट्टी मात्र बहुतेक वर्षी दुसऱ्या तुकड्याच्या आधीच संपते. एक उणीव सांगायला हवी. वसंतापासून सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ वाहून येतं आणि पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर त्याचे थर साचतात, वासही येतो. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे सेंट जेम्सच्या बाजूला, खोली घेतलेली बरी. बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं आहे, मुंबईहून लहान. पूर्वेची बाथशीबाची खवळलेली लाट एका दिवसात बघून परत येता येतं.

बार्बाडोसच्या दारात काय विचारतात

पात्रता सोपी आहे. तुम्ही पर्यटक हवेत, परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता हवा आणि खर्च झेपेल इतके पैसे हवेत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा असावा. मुदत त्याहून कमी उरली असेल तर कुणाशी वाद घालण्यापेक्षा पासपोर्टचं नूतनीकरण आधी उरका.

निघण्याच्या ७२ तासांच्या आत बार्बाडोस सरकारच्या संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. तो फुकट आहे. शोधयंत्रावर वरच्या ओळीत दिसणारी, ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारी स्थळं सरकारी नव्हेत, त्यांच्या नादी लागू नका. फॉर्ममध्ये मुक्कामाचा पूर्ण पत्ता लागतो. तिकडे जिल्हे नसतात, पॅरिश असतात, एकूण ११. हॉटेलच्या पावतीवर क्राइस्ट चर्च, सेंट मायकल, सेंट जेम्स असं जे पॅरिश लिहिलेलं असेल ते टिपून ठेवा. फॉर्म भरल्यावर येणारी पावती मोबाइलमध्ये ठेवा आणि कागदावरही काढा.

हे सगळं पहिल्यांदा तपासलं जातं ते ब्रिजटाऊनला नव्हे, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. तिथला कर्मचारी टायमॅटिक नावाच्या यादीत तुमच्या पासपोर्टचे आणि मार्गाचे नियम बघतो. त्यात बसलात तर बोर्डिंग पास, नाहीतर नाही. म्हणून परतीचं तिकीट, हॉटेलची पावती, विमा आणि तीन-चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या.

नावाचं बघा. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, ते पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असेल तर तिकिटातही तसंच. लग्नानंतर पासपोर्ट जुन्या नावाचाच राहिला असेल तर तिकीट जुन्या नावाने काढा आणि लग्नाचा दाखला सोबत ठेवा. मूल आई किंवा वडील यांच्यापैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला घ्या.

खरा अर्ज: वाटेतला देश

लंडनमार्गे जाणं सरळ वाटतं आणि बहुतेकदा तसं असतंही. हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक दोघांचीही बार्बाडोसला विमानं आहेत. पण भारतीय पासपोर्टला विमानतळाच्या आत बसून विमान बदलायलाही ब्रिटनचा डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यात इमिग्रेशन ओलांडायची परवानगी नाही आणि २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडायचं असतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा चालू मुदतीचा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला असेल तर यातून सूट मिळते. तो ईमेलवर आलेला ई-व्हिसा असेल तर सूट धरून चालू नका.

हा एअरसाइड व्हिसा स्वस्त म्हणून लोक तो काढतात, आणि मग तिकीट भलतंच निघतं. समजा, मुंबई-लंडन एका कंपनीचं आणि लंडन-ब्रिजटाऊन दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळी तिकिटं घेतली. चेक-इन केलेली बॅग लंडनलाच पट्ट्यावर येणार. ती उचलायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायला हवं, आणि तुमच्या व्हिशात तेच नाही. उतरणं हीथ्रोला आणि पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, असेल तरी हीच गत. अशा वेळी ४८ तासांचा व्हिजिटर इन ट्रान्झिट व्हिसा लागतो. माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून सहा महिन्यांचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाच काढावा. विमान चुकलं, रद्द झालं, रात्र काढावी लागली, तर निदान हॉटेलात जाऊन झोपता येतं.

अर्ज ब्रिटन सरकारच्या स्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि बोटांचे ठसे व फोटो द्यायला मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा केंद्रात जायचं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. व्हिजिटर व्हिशाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. पण एप्रिल-मेच्या सहलींसाठी सगळेच एकदम रांगेत येतात, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्याने मार्च उजाडायच्या आत अर्ज टाकलेला बरा.

कागद हे: पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट, प्रवासाची आखणी, बार्बाडोसच्या हॉटेलचं आरक्षण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र, धंदा असेल तर जीएसटी नोंदणी, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद. ट्रान्झिटच्या अर्जात आणखी एक प्रश्न हमखास येतो: पुढच्या देशात तुम्हाला प्रवेश आहे कशावरून? बार्बाडोसचा व्हिसाच नसतो, मग दाखवायचं काय? भारतीयांना व्हिसा लागत नाही असं सांगणाऱ्या बार्बाडोसच्या सरकारी पानाची छापील प्रत जोडा आणि तेच वाक्य पत्रात लिहा. शेती असेल तर सातबारा जोडण्याचा मोह होतो. जोडा, पण मराठी कागद तसाच दिलात तर त्याला किंमत नाही. भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्क असलेलं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. आणि स्टेटमेंट निघायच्या आठवड्यात मेहुण्याकडून दोन लाख खात्यात आणून फुगवू नका. अचानक आलेली रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेत सगळ्यात आधी भरते.

अमेरिकेतून जायचं तर विमानतळाच्या आत बसून विमान बदलण्याची सोयच तिकडे नाही. प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं. म्हणजे बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा किंवा निदान सी-१ ट्रान्झिट व्हिसा हवा. केवळ बार्बाडोससाठी डीएस-१६० हा अमेरिकेच्या व्हिशाचा फॉर्म भरून मुलाखतीची तारीख मिळायची वाट बघणं मला तरी वेडेपणाचं वाटतं. पण मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे म्हणून ज्यांच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आधीच आहे, अशी कितीतरी आईबापं आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी हीच सर्वांत सोपी वाट: मुलांकडे गेल्यावर मायामीहून आठवडाभर बार्बाडोस. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्या. परत अमेरिकेत शिरताना इमिग्रेशन नव्याने होतं, तेव्हा मुक्कामाचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मिळतीलच असं धरू नका.

टोरंटोमार्गे जायचं असेल तर ४८ तासांच्या आतल्या थांब्यासाठी कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नाही, पण अर्ज मात्र पुरा करावा लागतो.

पिवळ्या तापाचा दाखला

हा मुद्दा एजंटही विसरतात. नुसतं बार्बाडोस करून लंडनमार्गे परत येणाऱ्याला त्याची गरज नाही. पण इतक्या लांब गेलोच आहोत तर शेजारचं त्रिनिदादही करू, असं पुष्कळांच्या मनात येतं. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनहून कॅरिबियन एअरलाइन्सचं विमान आहे, अंतरही थोडं. त्रिनिदाद मात्र पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसला, तर मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. बार्बाडोसही त्रिनिदादहून येणाऱ्याकडे हा दाखला मागू शकतं. लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. साठी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

वादळ आणि विमा

बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या रांगेपासून थोडं पूर्वेला सुटं पडलंय, त्यामुळे बरीच वादळं त्याला चुकवून जातात. बरीच, सगळी नव्हे. २९ जून २०२४ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक घेतला. दोन दिवसांनी बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, विमानतळ बंद झाला आणि रोहित शर्मासकट अख्खा संघ हॉटेलात अडकून पडला. एअर इंडियाचं खास विमान गेलं, तेव्हा ४ जुलैला मंडळी दिल्लीत उतरली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर आली. तुमच्या-माझ्यासाठी असं विमान कुणी पाठवणार नाही.

म्हणून सहल जूनमध्ये सरकत असेल तर प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळापुरता बहुधा निरुपयोगी असतो. पॉलिसीत सहल रद्द होणं, मध्येच तोडावी लागणं आणि विमान लांबल्यावरचा मुक्काम हे तिन्ही आहेत का, ते वाचून घ्या. बार्बाडोसमध्ये भारताचा निवासी दूतावासही नाही, हे ध्यानात ठेवा.

पैसे, गाडी, कपडे

१९७५ पासून एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर बांधलेला आहे. अमेरिकन डॉलर दुकानांत सर्रास घेतात, त्यामुळे वेगळं चलन शोधत फिरायची गरज नाही. पॅकेज इथूनच घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. पॅन बरोबर दिलात तर विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. भाड्याने गाडी घ्यायची तर आपला मूळ वाहन परवाना न्या. त्यावर मिळणारा तात्पुरता स्थानिक परवाना गाडी देणारेच काढून देतात.

कपड्यांचा एक नियम खरोखरच कायद्यातला आहे: लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालायला बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. तसली अर्धी चड्डी, टोपी, पाठीवरची पिशवी घरीच ठेवा.

जास्त दिवस राहायचं असेल तर

घरबसल्या परदेशी किंवा भारतीय कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी ‘बार्बाडोस वेलकम स्टॅम्प’ आहे, जुलै २०२०पासून. १२ महिने राहून काम करता येतं, पण स्थानिक नोकरी धरता येत नाही. अट वर्षाला ५०,००० अमेरिकन डॉलरच्या उत्पन्नाची. शुल्क एकट्याला २,००० डॉलर, कुटुंबाला ३,०००. फोटो, पासपोर्टचं पान, जोडीदार-मुलांच्या नात्याचे दाखले हे ऑनलाइन जोडायचं, आणि तिथे राहताना आरोग्य विमा हवाच. शुल्क मंजुरीनंतर भरायचं असतं.

साध्या पर्यटकाने विमानतळावरच शिक्क्याखालची तारीख वाचावी. ९० दिवस ही कमाल मर्यादा आहे, अधिकारी परतीच्या तिकिटावरून कमीही देतो. मुदत वाढवायची तर ती संपायच्या आत ब्रिजटाऊनच्या इमिग्रेशन विभागात अर्ज करायचा. एप्रिलअखेर गेलात तर २८ एप्रिलला राष्ट्रीय वीर दिन आणि १ मेला कामगार दिन, दोन्ही दिवस ते कार्यालय बंद असतं.